रोगाची चाल आणि उरलेली वर्षे

प्रोस्टेट, म्हणजेच पुरस्थ ग्रंथी, ही फक्त पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते आणि वयाबरोबर वाढत जाते. वीर्यातील काही द्रव तिच्यात तयार होतो. मूत्रमार्ग तिच्या मधोमध जातो, लघवी रोखून धरणारा स्नायू तिच्या खालच्या टोकाला असतो, लिंगाला ताठरता देणाऱ्या बारीक नसा तिच्या दोन्ही कडांना चिकटून जातात आणि गुदाशय तिच्या पाठीला लागून असतो. या दाटीतच पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ आहे. ग्रंथीवर कोणताही इलाज केला तरी त्याची झळ शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी बसते.

या ग्रंथीचा कर्करोग हा मुख्यतः म्हाताऱ्या माणसाचा रोग आहे. पन्नाशीच्या आत तो विरळा, साठीनंतर वाढत जातो. दुसऱ्याच कारणाने मृत्यू आलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडतात आणि ऐंशी ओलांडलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. मात्र याच नावाचा दुसरा एक रोग असतो. तो काही वर्षांत हाडांत उतरतो, कणा पोखरतो आणि माणसाला अंथरुणाला खिळवतो. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत सगळा विचार इथून सुरू होतो: सापडलेला रोग यांतला कोणता, आणि तो त्रास देण्याच्या टप्प्याला पोहोचेपर्यंत हा माणूस किती वर्षे आणि कशा प्रकृतीने जगणार आहे.

पहिला इशारा बहुधा रक्ताच्या तपासणीतून मिळतो. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन असून त्याचा थोडा अंश रक्तात असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही तपासणी १९८६ मध्ये रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून मान्य केली. रूढ मर्यादा एका मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमची. पण पीएसए कर्करोगाची खूण नाही, ती प्रोस्टेटची खूण आहे. वयोमानाने वाढलेली साधी गाठ, लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी, यांपैकी कशानेही हा आकडा चढतो. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेट आकसवणारी औषधे काही महिने चालू असली की तो जवळजवळ निम्मा होतो. तेव्हा असा रुग्ण ३ हा आकडा घेऊन आला, तर तो ६ धरून वाचावा लागतो. औषधांची पिशवी बरोबर नेणे इथे खरोखर उपयोगी पडते.

सत्तरीपुढच्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसाची सरसकट पीएसए तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१८ मध्ये दिला. भारतात अशी सरकारी तपासणी मोहीम नाहीच. पण 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये पीएसए गुपचूप येऊन बसलेली असते. पंच्याहत्तरीच्या वाढदिवसाला मुलांनी भेट म्हणून दिलेल्या पॅकेजमधून वाढलेला आकडा निघतो आणि ठणठणीत माणूस एका दिवसात रुग्ण होतो. हाडे दुखत असतील, लघवीतून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वय कितीही असो, तपासणी हवीच.

आकडा संशयास्पद वाटला तर आता बायॉप्सीच्या आधी बहुधा एमआरआय करतात, म्हणजे सुई नेमकी कुठे घालायची ते कळते आणि काहींची बायॉप्सी टळते. बायॉप्सीच्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ग्लीसन. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात पेशींच्या रचनेवरून आक्रमकता ओळखण्याची ही पद्धत बसवली. पेशींच्या दोन प्रमुख रचनांना गुण देऊन त्यांची बेरीज करतात. व्यवहारात ही बेरीज ६ पासून १० पर्यंत येते. ६ हा आकडा दहापैकी सहा गुणांसारखा भीतिदायक वाटतो, प्रत्यक्षात तो तळाचा आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी अलीकडे १ ते ५ असे गट वापरतात, त्यात ग्लीसन ६ म्हणजे गट १. गट १ चा कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता इतकी कमी असते, की त्याला कर्करोग म्हणावे का, यावरच तज्ज्ञांत वाद आहे. गट ४ आणि ५ मात्र कोणत्याही वयात गंभीर.

रोगाची चाल अशी कळली की दुसरी बाजू मोजायची: आयुष्याची. इथे एक चूक फार सर्रास होते. भारतीयांचे सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास, म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाचे आता काय उरले, असा हिशेब घरातले करतात आणि कधी कधी डॉक्टरही. हा आकडा जन्माच्या वेळचा आहे, त्यात बालमृत्यूपासून अपघातांपर्यंत सगळे मिसळलेले असते. जो सत्तरीला पोहोचला, त्याला सरासरी आणखी सुमारे दहा वर्षे असतात आणि प्रकृती चांगली असेल तर पंधरा. त्याच वयाच्या, हृदयाचे काम मंदावलेल्या, मधुमेहाने मूत्रपिंडे खराब झालेल्या माणसाला कदाचित तीन-चारच. जन्मदाखला दोघांचा सारखा, निर्णय सारखा कसा असेल?

म्हणून वृद्धांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनात वयाऐवजी प्रकृती पाहायला सांगितले आहे. त्यासाठी जी-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी चाळणी वापरतात. जेवण कमी झाले आहे का, तीन महिन्यांत वजन घटले का, माणूस घराबाहेर जातो का, स्मरणशक्ती आणि मन कसे आहे, उंचीच्या मानाने वजन किती, तीनपेक्षा जास्त औषधे चालू आहेत का, बरोबरीच्या लोकांच्या तुलनेत स्वतःची तब्येत त्याला कशी वाटते आणि वय किती. एकूण १७ गुणांपैकी १४ किंवा कमी आले, तर सविस्तर तपासणी करावी. ती केल्यावर अनेकदा दुरुस्त होण्यासारखे काही सापडते: न बसणारी कवळी आणि त्यामुळे सुटलेले जेवण, मोतीबिंदू, दडलेले नैराश्य, एकमेकांना छेद देणारी औषधे. आधी ते दुरुस्त करून मग कर्करोगाचा निर्णय घेतला, तर तो वेगळा निघू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी असे स्वतंत्र बाह्यरुग्ण केंद्र चालते.

रोग ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर पहिला पर्याय थांबण्याचा. थांबण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. एक म्हणजे सक्रिय निरीक्षण. यात दर काही महिन्यांनी पीएसए, गरजेप्रमाणे एमआरआय आणि पुन्हा बायॉप्सी केली जाते. रोगाने चाल बदलली की तो बरा करण्याच्या हेतूने उपचार सुरू होतात. ज्याच्यापुढे दहाहून अधिक वर्षे आहेत, त्याच्यासाठी हा मार्ग. दुसरा प्रकार म्हणजे लक्षणांची वाट पाहणे. यात पुन्हा सुया टोचत बसायचे नाही, त्रास सुरू झाला तर त्या त्रासावर इलाज करायचा. थकलेल्या, इतर आजारांनी घेरलेल्या माणसासाठी हा. दोन्हींना घरात 'काहीच करत नाहीत' असे नाव पडते, तेव्हा नातेवाईक अस्वस्थ होतात आणि दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतात.

थांबण्याला भक्कम आधार मिळाला तो ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीने. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए तपासली गेली. ग्रंथीपुरता कर्करोग सापडलेल्यांपैकी १,६४३ जणांना चिठ्ठी काढावी तसे तीन गटांत विभागले: निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू आलेले निरीक्षण गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ आणि रेडिएशनच्या गटात २.९. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. याच काळात कोणत्याही कारणाने दगावलेले होते २१.७ टक्के. दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे: रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण निरीक्षण गटात ९.४ टक्के होते, उरलेल्या दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय निरीक्षणातल्या बहुतेकांनी पुढे कधी तरी उपचार घेतले. म्हणजे थांबणे फुकट नाही, पण घाईही नाही. निदानानंतर विचाराला काही आठवडे घेतल्याने यातल्या बहुतेकांचे काही बिघडत नाही. हे सगळे रुग्ण तपासणीत लवकर सापडलेले होते, बरेचसे कमी धोक्याचे. लक्षणे घेऊन उशिरा आलेल्या आपल्याकडच्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी काढून मूत्राशय मूत्रमार्गाला जोडतात. आता ती अनेक मोठ्या रुग्णालयांत रोबोटच्या साहाय्याने होते. रक्तस्राव कमी होतो, माणूस लवकर घरी जातो, पण लघवीवरचा ताबा आणि ताठरता यांच्या बाबतीत अखेर निर्णायक ठरतात सर्जनचा अनुभव आणि रुग्णाचे वय. प्रोटेक्टमध्ये शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनंतरही १७ टक्के. रेडिएशनच्या गटात हे आकडे ५ आणि ४ होते. संबंधाला पुरेशी ताठरता सुरुवातीला ६७ टक्क्यांना होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ती १२ टक्क्यांत उरली, रेडिएशनच्या गटात २२ आणि निरीक्षणात ५२. हे साठीच्या आसपासचे लोक होते. पंच्याहत्तरीत नसा आणि स्नायू सावरण्याची ताकद आणखी कमी असते, म्हणूनच त्या वयात शस्त्रक्रिया क्वचित सुचवली जाते.

लघवी गळणे हा वैद्यकीय अहवालातला एक छोटा रकाना असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की माणूस एसटीने गावाला जायचे टाळतो. देवळात कीर्तनाला मांडी घालून बसत नाही. लग्नाला गेला तर आधी स्वच्छतागृह कुठे ते पाहतो. चाळीत सार्वजनिक संडास असेल तर रात्री चार वेळा उठून जिन्याने जाणे-येणे आले आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोकाही आला. वारीला वर्षानुवर्षे जाणारा माणूस घरी बसतो आणि कारण सांगतो गुडघ्यांचे. लाजेपोटी हे डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. कटीतळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीपासून शिकले तर ताबा लवकर येतो, आणि न आल्यास त्यावर पुढचे इलाज आहेत, हे अनेकांना कोणी सांगतच नाही.

रेडिएशन, ज्याला बोलीत 'लाइट देणे' म्हणतात, हा वृद्धांना जास्त झेपणारा मार्ग आहे. भूल नाही, टाके नाहीत. पूर्वी सात-आठ आठवडे रोज यावे लागे. ब्रिटनमधील 'चिप' चाचणीने वीस बैठकींत तेवढाच गुण येतो हे दाखवले आणि योग्य रुग्णांत आता पाच बैठकींतही हे काम होते. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या खेड्यातून येऊन मुंबईत धर्मशाळेत राहणाऱ्या जोडप्याला हा फरक फार मोठा असतो. तोटा होतो तो गुदाशय आणि मूत्राशयाला. शौचाची घाई, कधी रक्त, लघवीची जळजळ. यातले काही त्रास वर्षांनंतर डोके वर काढतात. प्रोटेक्टमध्ये बारा वर्षांनी नकळत शौच होण्याचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत इतर दोन गटांच्या सुमारे दुप्पट दिसले.

आतापर्यंतचे विवेचन अति उपचाराविरुद्ध झुकलेले वाटेल. उलटी चूकही तितकीच घातक आहे आणि भारतात ती कदाचित अधिक होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ रोज टेकडी चढतात, बँकेचे व्यवहार स्वतः पाहतात आणि त्यांच्या ग्रंथीत गट ४ चा कर्करोग सापडला, असे समजा. 'या वयात कशाला' म्हणून त्यांना नुसते हार्मोन रोखणारे इंजेक्शन दिले जाते. पण स्कँडिनेव्हियातील ८७५ रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २००९ मध्ये आला, नुसत्या हार्मोन उपचारावर असलेल्यांपैकी दहा वर्षांत २३.९ टक्के या कर्करोगाने गेले. जोडीला रेडिएशन मिळालेल्यांत ११.९ टक्के. टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या एका चाचणीने पुढचे पाऊल टाकले. जास्त धोक्याच्या रुग्णांत फक्त ग्रंथीला रेडिएशन देण्यापेक्षा ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही दिल्यास पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटते, असे तिच्या २०२१ मधील निकालात दिसले. टेकडी चढणाऱ्या गृहस्थांना वयाच्या नावाखाली हे नाकारणे म्हणजे त्यांची आठ-दहा चांगली वर्षे पणाला लावणे.

हार्मोन उपचाराची गोष्ट १९४१ पासूनची. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले, की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो आणि ते तोडले की पसरलेला रोगही आक्रसतो. हगिन्सना त्यासाठी १९६६ चे नोबेल मिळाले. संप्रेरक तोडण्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच होते, खर्च थोडा येतो आणि टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येते. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने महिन्याने, तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यावी लागतात. ती महाग पडतात, पण थांबवता येतात. सुरुवातीला त्यांनी संप्रेरक उसळते, म्हणून कण्यात गाठ असलेल्याला आधी संरक्षक गोळ्या द्याव्या लागतात. गुण दोहोंत सारखा. निवड ठरते ती परवडण्यावर, रुग्णालय किती लांब आहे यावर आणि पुरुषाच्या मनावर. वृषणे काढायला कोणी हसत होकार देतो, कोणी त्या कल्पनेनेच खचतो. म्हातारपणी त्याचे काय, असे म्हणणाऱ्याने त्या माणसाला विचारलेले नसते.

या उपचाराची किंमत हळूहळू कळते. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते. स्नायू झडतात, पोट सुटते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. उत्साह जातो, माणूस गप्प होतो, आणि घरचे समजतात की वय झाले. हाडांची घनता तपासणे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, गरज पडल्यास झोलेड्रोनिक आम्ल, रोजचे चालणे आणि थोडे वजन उचलण्याचा व्यायाम, हे हार्मोन उपचाराचेच भाग मानायला हवेत. रेडिएशननंतर फक्त पीएसए चढू लागला असेल, लक्षणे नसतील, तर इंजेक्शने मधून मधून थांबवून देण्याचा पर्यायही आहे. २०१२ मधील एका मोठ्या चाचणीत तसे केल्याने आयुष्य घटले नाही आणि सुट्टीच्या काळात माणसे बरी राहिली.

निदानाच्या वेळीच रोग हाडांत पोहोचलेला असणे आपल्याकडे नवे नाही. कंबरदुखीला वर्षभर मणक्याची झीज समजून तेल आणि पट्टे लावलेले असतात. अशा वेळी आता नुसत्या हार्मोनवर थांबत नाहीत, जोडीला अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड किंवा डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी देतात. अबिराटेरॉनबरोबर स्टेरॉइड लागते आणि रक्तदाब, पोटॅशियम व यकृतावर नजर ठेवावी लागते. एन्झालुटामाइडने थकवा आणि पडण्याचा धोका वाढतो. डोसेटॅक्सेल सशक्त वृद्धालाच झेपते. अबिराटेरॉनच्या भारतीय जेनेरिक गोळ्या आल्यापासून हा उपचार पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाला आहे. रिकाम्या पोटी पूर्ण मात्रेऐवजी नाश्त्याबरोबर पाव मात्रा घेतली तरी चालते, असे २०१८ मधील एका छोट्या चाचणीत दिसले, आणि पैशाची अडचण असलेल्यांसाठी काही डॉक्टर तो मार्ग निवडतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच निवडायचा असतो. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. कोणते औषध त्यात बसते, हे उपचार सुरू करण्याआधी रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावे.

हे सगळे ठरते कोणाशी बोलून? बहुतेक घरांत मुलाशी. 'बाबांना सांगू नका, खचतील' ही विनंती प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाने ऐकलेली असते. ती प्रेमातून येते. पण लघवीवरचा ताबा गेला तर चालेल का, तीन महिने शहरात राहणे जमेल का, दोन वर्षे जास्त जगण्यासाठी किती थकवा सोसायचा, या प्रश्नांची उत्तरे मुलाकडे नसतात. ती त्या माणसाकडे आणि बऱ्याच अंशी त्याच्या पत्नीकडे असतात, कारण चादरी बदलण्यापासून रात्री उठण्यापर्यंतचे काम तिच्याच वाट्याला येते. चांगला डॉक्टर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारतो: तुम्हाला काय करता आलेच पाहिजे? शेतावर फेरी मारणे, नातीचे लग्न, स्वतःच्या पायांनी संडासला जाणे, असे उत्तर मिळते आणि ते उपचार निवडायला उपयोगी पडते.

रोग औषधांना दाद देईनासा झाला, तरी करण्यासारखे बरेच उरते. दुखऱ्या हाडाला रेडिएशनची एकच बैठक अनेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी करते. मॉर्फिनची भीती अनाठायी आहे. योग्य मात्रेत ते ना आयुष्य घटवते, ना माणसाला नशेबाज करते. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. एका लक्षणाला मात्र थांबायला वेळ नसतो. पाठ दुखत असताना पायांत अचानक शक्ती कमी वाटणे, मुंग्या येणे, लघवी किंवा शौच कळेनासे होणे, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे आहेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठले तर पाय वाचू शकतात. दोन दिवसांनी बहुधा वाचत नाहीत.

शेवटच्या दिवसांत कृत्रिम श्वासाचे यंत्र नको, अतिदक्षता विभाग नको, असे वाटणाऱ्याला ते आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा लेखी इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहायची असतात आणि एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यायची असते. हे काम माणूस शुद्धीत, बोलता-चालता असतानाच करावे लागते.